शून्य पॉइंट एकतीस

तिसऱ्या सकाळी बॅटरी मरायची.
मोजून तिसऱ्या.
किल्ली फिरवली की नुसतं टक्,
कुणी दातावर नख वाजवावं तसं.

मग राजेशममामा लुंगी खोचत यायचे,
मागून कांड्या भरणारी दोन पोरं,
आणि टॉवेलांच्या चाळीस गठ्ठ्यांसकट
माझा टेम्पो उतारावरून ढकलायचे.
चार महिने मी उतार बघूनच गाडी लावत होते.
सोलापूर तसं सपाट,
पण गरज पडली की कळतं
कुठला रस्ता कुठं झुकतो.

दोन बॅटऱ्या बदलल्या.
दुकानदार म्हणाला, ऊन लै अक्का, पाणी आटतंय.
ऊन होतंच. चव्वेचाळीस.
पण रात्री कोण पितं?

दस्तगीर नदाफचं दुकान अक्कलकोट रोडला,
पत्र्याचं, कडुनिंबाला टेकलेलं.
त्यानं आधी बॅटरीकडं बघितलंच नाही.
दारं लावली,
दाराच्या बटणावर चिकटपट्टी दाबली,
किल्ली माझ्याकडून घेऊन खिशात टाकली.
"आता गाडीला झोपू द्या.
जागी असताना सगळेच सरळ वागत्यात."

वीस मिनिटं आम्ही गप्प.
रस्त्यापलीकडच्या कारखान्यात माग
खटॅक-खट, खटॅक-खट.

मग काळी केबल सोडवून
त्यानं मीटर मधे घातलं,
दोघांच्या भांडणात तिसरा बसवतात तसं.
आकडा आला : ०.३१.
"बगा. सगळं बंद हाय. तरीबी."

मग फ्यूज. एकेक. चिमट्यानं.
हॉर्नचा काढला, एकतीस.
वायपरचा, एकतीस.
(वायपर दोन वर्षं चालतच नव्हता, उगाच संशय.)
टेपचा काढला तेव्हा अठ्ठावीस,
मला वाटलं सापडला.
"ते घड्याळ ओ. वेळ ध्यानात ठेवायला तेवढं लागतंय."
परत बसवला.
हेडलाइट, इंडिकेटर, पंखा,
कुणाच्याच अंगाला काही लागेना.
"फ्यूजच्या आधीच कुणीतरी हात घातलाय."

तो डॅशबोर्डखाली शिरला, पाय बाहेर,
बोटांनी वायरी चाचपत गेला.
तुटलेला धागा मागावर माझे नायना असाच शोधायचे,
भलतीकडंच बघत.
"ही कंपनीची नव्हं."
लाल वायर, घाईत गुंडाळलेली काळी पट्टी,
आणि टोकाला काडेपेटीएवढी डबी.
हिरवा ठिपका. उघडझाप.

फायनान्सवाल्यांनी बसवलेली.
हप्ता थकला तर गाडी कुठं आहे ते कळावं म्हणून.
मला कुणी बोललं नव्हतं.
छत्तीस हप्ते भरले मी, एकही न चुकवता,
आणि छत्तीस महिने ही डबी तिकडं सांगत राहिली :
आत्ता साखर पेठ, आत्ता भवानी पेठ,
आत्ता मालधक्का,
आत्ता घरी.

कर्ज मागच्या दिवाळीत फिटलं.
त्यानंतर कधीतरी त्यांनी सिम बंद केलं.
डबीला कुणी कळवलं नाही.
ती रात्रभर टॉवर शोधायची,
हाक मारायची, थांबायची, परत हाक.
तिकडून कुणी ओ देत नव्हतं
आणि इकडं माझी बॅटरी उतरत होती.

मला राग यायला हवा होता.
आला, थोडा.

दस्तगीरनं वायर कापली. ०.०३.
"हे जाणार. हे गाडीचं सोताचं."
दीडशे घेतले. डबी माझ्या हातात ठेवली :
"तुमचीच की. पैसे तुमीच भरलाव."

त्या रात्री गाडी उतारावरच लावली.
दुसऱ्याही.
तिसऱ्या सकाळी मामा लुंगी खोचून हजर.
किल्ली फिरवली.
लागली.
"मग मी कशाला उठलो?" म्हणाले मामा.
त्यांना चहा पाजला, पोरांनाही.

आता टेम्पो घरासमोर असतो, सपाटीवर.
चाकामागं लावायचा दगड
नळापाशी नेऊन ठेवलाय,
कपडे घासायला बरा आहे.